नंबर २ ची जर्सी

परवा आमच्या अमेरिकेतल्या बॅटन रूजच्या जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलच्या इतिहासातले दहा सगळ्यात मोठे बस्ट, म्हणजे मोठा गाजावाजा होऊन फुसके निघालेले खेळाडू. उघडायच्या आधीच माहीत होतं एक नंबरला कोण असणार. जमार्कस रसेल, आमच्याच कॉलेजचा. दरवर्षी एप्रिलात ड्राफ्ट जवळ आला की गणपतीची माळ जशी माळ्यावरून काढतात तसा ह्या माणसाला बाहेर काढतात, चार विनोद करतात आणि परत वर टाकून देतात. खाली आमच्या नागपूरकर रूममेटने लिहिलं, "सहा कोटी डॉलर घेऊन झोपला भाऊ." मी रिप्लाय टाइप करायला घेतला आणि तो इतका लांबला की शेवटी डिलीट केला, म्हटलं ब्लॉग कशाला आहे मग.

ज्यांना ह्या खेळाचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा पायाने खेळायचा फुटबॉल नाही, हेल्मेटवाला. मी पहिल्यांदा फोनवर बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्याला फुटबॉल का म्हणतात रे?" आणि ह्याचं उत्तर मला आजही देता येत नाही. क्वार्टरबॅक म्हणजे जो बॉल फेकतो तो, सगळी टीम त्याच्यावर चालते. शनिवारी कॉलेजच्या मॅचेस, रविवारी एनएफएल म्हणजे प्रोफेशनल. आणि ड्राफ्ट म्हणजे वर्षातून एकदा एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात, आयपीएलसारखी बोली नाही, नंबर लागतात, आणि मागच्या वर्षी जी टीम सगळ्यात रद्दड खेळली तिला पहिला नंबर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, ऑगस्ट २००५ मध्ये एमएस करायला पोचलो आणि बॅगा नीट उघडल्याही नव्हत्या तोवर २९ ऑगस्टला कतरिना आलं. न्यू ऑर्लिन्स बुडालं आणि अर्धं शहर आमच्या गावात आलं. कॅम्पसवरच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये चक्क हॉस्पिटल उघडलेलं, डोक्यावर दिवसभर हेलिकॉप्टर, आणि घरी फोन लागत नव्हता तर आईने काय काय कल्पना करून घेतलेल्या ते विचारू नका. त्या दिवसांत पहिल्यांदा रसेलचं नाव ऐकलं आणि ते फुटबॉलमुळे नाहीच. फॅट्स डॉमिनो, न्यू ऑर्लिन्सचा म्हातारा रॉक अँड रोलचा राजा, तो पुरात गेला अशी बातमी पसरली होती, आणि नंतर कळलं की त्याला होडीतून बाहेर काढलं आणि तो सगळ्या गोतावळ्यासकट एका कॉलेजच्या पोराच्या अपार्टमेंटमध्ये येऊन राहिलाय. ते पोरगं म्हणजे आमचा क्वार्टरबॅक, डॉमिनोची नात त्याची गर्लफ्रेंड होती. वीस वर्षांचं पोर, घरात माणसंच माणसं जमिनीवर झोपलेली, आणि पुढच्या आठवड्यात त्याला मॅच खेळायची होती. ती मॅच खरं तर बॅटन रूजलाच होती पण वादळामुळे अॅरिझोनाला हलवली, आणि ह्याने शेवटच्या मिनिटांत चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या संधीला, लांबच लांब बॉल टाकून ती ३५-३१ जिंकून दिली. मला डाउन म्हणजे काय ते तेव्हा कळत नव्हतं. पण हॉस्टेलसारख्या आमच्या त्या बिल्डिंगमध्ये लोक जिन्यात येऊन रडत होते, ते कळत होतं.

टायगर स्टेडियम काय प्रकार आहे ते सांगून समजणार नाही. तेव्हा ९२ हजार माणसं, रात्रीची मॅच, आणि स्टेडियमच्या समोर रस्त्याच्या पलीकडे पिंजऱ्यात एक खरा जिवंत वाघ, माइक त्याचं नाव, लोक मॅचच्या आधी त्याच्या पाया पडल्यासारखे जाऊन बघून येणार. सकाळपासून पार्किंगमध्ये चुली पेटलेल्या. एका काकांनी (केजन, म्हणजे तिथला फ्रेंच वंशाचा माणूस, इंग्रजी बोलतोय का फ्रेंच ते कळायचं नाही) मला कागदी वाटीत जांबालाया दिलेला, मसालेभाताचा लांबचा चुलतभाऊ, फक्त वाटाण्याच्या जागी सॉसेज. माझ्या रूममेटचा शनिवार म्हणून तो बाजूला उभा राहून नुसता ब्रेड खात होता.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये केंटकीविरुद्धची मॅच. आम्ही स्टुडंट सेक्शनमध्ये लवकर जाऊन बसलेलो, वॉर्मअप चालू होतं. रसेल साडेसहा फुटांचा, अंगाने पैलवान, आणि तो बॉल टाकताना जोर लावल्यासारखा वाटतच नव्हता. आपण पेपर टाकणारा पोरगा बघतो ना, सायकलवरून मनगटाने दुसऱ्या मजल्यावर पेपर भिरकावतो, डिट्टो तसं. बॉल सुटायचा आणि वर जातच राहायचा, आणि अर्ध्या मैदानापलीकडे कुणाच्या तरी हातात धप्प करून पडायचा, तो आवाज आमच्यापर्यंत यायला एक क्षण जायचा. माझ्या शेजारचा गोरा पोरगा नुसता "ओह लॉर्ड, ओह लॉर्ड" करत होता. ती मॅच ४९-० झाली. तिसऱ्या क्वार्टरनंतर अर्धा सेक्शन दारू प्यायला निघून गेला.

आता माझा मुद्दा ह्या ४९-० मध्येच आहे.

कॉलेजच्या वरच्या लेव्हलला शंभराहून जास्त टीम खेळतात आणि त्यातले फार थोडे प्रो होतात. शनिवारी समोरच्या अकरात पुढे जाणारे एक-दोन असतात. रविवारी समोरचे अकराच्या अकरा आपापल्या कॉलेजचे हिरो. आणि रसेल एकटा नव्हता हो, २००७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच राउंडला आमच्या एका टीममधून चार जण गेले, तो स्वतः, डिफेन्सचा लारॉन लँड्री, आणि त्याचे बॉल झेलणारे ड्वेन बो आणि क्रेग डेव्हिस दोघंही. म्हणजे हा टाकणार आणि झेलणारा दोन पावलं मोकळा असणार. मॅचचे व्हिडिओ न बघता, समोरचा डिफेन्स काय करणार ह्याचा अभ्यास न करताही नुसत्या हातावर निभावून जायचं. माझं स्वतःचं हेच झालेलं. शाळेत दहावीपर्यंत न वाचता पहिला, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडायचं आणि तरी पहिला, आणि मग इंजिनिअरिंगला गेलो तर वर्गातले साठच्या साठ आपापल्या शाळेत पहिले आलेले. एम-वनला, म्हणजे गणितात, केटी लागली, नापास. मला अभ्यास येत नव्हता असं नाही, अभ्यास कसा करतात हेच माहीत नव्हतं, कधी गरजच पडली नव्हती ना. फरक इतकाच की माझ्या केटीचे व्हिडिओ दरवर्षी निघत नाहीत.

जानेवारी २००७ ला शुगर बोल झाला, म्हणजे सीझनच्या शेवटची कॉलेजची मोठी मॅच, कतरिनानंतर पहिल्यांदाच परत न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये. आम्ही नोत्र दामला ४१-१४ असं धुतलं, रसेलने ३३२ यार्ड टाकले. गंमत म्हणजे त्यांचा क्वार्टरबॅक ब्रेडी क्विन, तोही तेव्हाचा मोठा स्टार, तोही त्याच ड्राफ्टला पहिल्या राउंडमध्ये गेला आणि तोही फ्लॉप. म्हणजे त्या रात्री दोन्ही बाजूंनी पुढचे फ्लॉपच खेळत होते आणि अख्खा देश टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी मी जर्सी घेतली. जांभळी, नंबर २, मागे नाव नाही कारण खेळाडूचं नाव टाकून विकायची परवानगी नव्हती. माझ्याकडे पैसे कमी पडले तर रूममेटने २० डॉलर दिले. दुकानात रांग होती आणि सगळ्यांच्या हातात २ नंबर, आणि त्यातला एक सेंटही त्या पोराला मिळत नव्हता, तेव्हा नियमच तसा. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा मिळाली.

तर पहिला नंबर कुणाचा होता? ओकलंड रेडर्स, आदल्या वर्षी १६ पैकी २ मॅच जिंकलेले. मालक अल डेव्हिस म्हातारा, हट्टी, त्याला लांब बॉल टाकणारा पोरगा हवा म्हणजे हवा. कॉन्ट्रॅक्टवरून ताणाताणी चालली ती सप्टेंबरच्या १२ तारखेपर्यंत, म्हणजे सीझन सुरू झाल्यावर सही, शिकायचा अख्खा उन्हाळा गेला. सहा वर्षांचे ६ कोटी १० लाख डॉलर आणि त्यातले ३ कोटींहून जास्त काहीही झालं तरी मिळणारच. कोच लेन किफिन आणि मालक ह्यांचं वाकडं, २००८ मध्ये डेव्हिसने त्याला काढलं आणि पत्रकार परिषदेत ओव्हरहेड प्रोजेक्टर लावून त्याला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं, आपल्याकडे ग्रामपंचायतीत पण असं होत नाही. (तोच किफिन आता फिरून फिरून एलएसयूचा कोच झालाय. ग्रुपवर त्यावर तीन दिवस भांडण.)

आणि रसेल? २००८ ला १३ टचडाउन (म्हणजे मोठा स्कोअर), ८ इंटरसेप्शन्स (टाकलेला बॉल समोरच्या टीमनेच झेलला), म्हणजे इतकं काही वाईट नाही, सुधारेल असं वाटत होतं. २००९ ला ३ टचडाउन आणि ११ इंटरसेप्शन्स, बेंचवर. वजन वाढत गेलं. तो टेपचा किस्सा तर सगळे सांगतात, कोचने घरी बघायला गेम प्लॅनच्या टेप दिल्या, दुसऱ्या दिवशी विचारलं बघितल्यास का, हा म्हणाला हो बघितल्या, आणि टेप कोऱ्या होत्या. मे २०१० मध्ये टीमने सोडून दिलं. २५ मॅच सुरुवातीपासून खेळला, ७ जिंकल्या. पुन्हा कुणी घेतलं नाही, २०१३ ला वजन उतरवून प्रयत्न केला तरी नाही.

मी त्याची वकिली करत नाहीये. त्याने मेहनत केली नाही, हे खरं आहे, आणि कोऱ्या टेपवर काही उत्तर नाही. पण त्याच ड्राफ्टमध्ये कॅल्विन जॉन्सन, जो थॉमस, एड्रियन पीटरसन असे पुढे दिग्गज ठरलेले लोक उभे असताना फक्त हात बघून २१ वर्षांच्या पोराला एवढे पैसे आधीच मोजणाऱ्यांना कुणी बस्ट म्हणत नाही. त्यांनी नंतर फक्त नवख्यांच्या पैशांचा नियम बदलला. २०१० चा पहिला नंबर सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी गॅरंटी, आणि २०११ चा पहिला नंबर कॅम न्यूटनला सगळे मिळून २ कोटी २० लाख.

व्हिडिओत दोन नंबरला रायन लीफ होता, हाही क्वार्टरबॅक. त्याचं वेगळं आहे. १९९८ ला लोक खरोखर वाद घालायचे की पेटन मॅनिंग भारी का लीफ, कारण लीफने आपल्या कॉलेजला, वॉशिंग्टन स्टेटला, १९३१ नंतर पहिल्यांदा रोझ बोलला नेलेलं. मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा, सॅन डिएगोला. तिसऱ्याच मॅचला कॅन्सस सिटीविरुद्ध १५ पैकी १ च पास पोचला, ४ यार्ड. चार! आणि दुसऱ्या दिवशी लॉकर रूममध्ये पत्रकारावर कॅमेऱ्यासमोर ओरडला, तो तुकडा आजही फिरतो. पण मॅनिंगने त्याच वर्षी २८ इंटरसेप्शन्स टाकल्या होत्या आणि त्याची टीम १६ पैकी १३ मॅच हरली होती, हे कुणाला आठवत नाही. तो ते पचवून परत आला, लीफला ते पचलंच नाही. पुढे गोळ्यांचं व्यसन, चोरी, मोंटानात तुरुंग. २०१४ च्या शेवटी सुटला आणि आता व्यसनावर जाहीर बोलतो, फार सरळ बोलतो. मी ऐकलंय, हसायची इच्छा राहत नाही.

आपल्याकडे असा विषय निघाला की लगेच विनोद कांबळीचं नाव येतं, ६६४ ची पार्टनरशिप वगैरे. मला ते कधी पटलं नाही. १७ टेस्ट, ५४ ची सरासरी, ह्याला फ्लॉप म्हणायचं तर मग बाकीच्यांना काय म्हणायचं?

आणि एक गोष्ट ग्रुपवर कुणीच काढत नाही. रसेल गेल्यावर त्याच्या जागी मॅट फ्लिन आला, त्याच्यामागे इतकी वर्षं बेंचवर बसलेला, हात साधाच, आणि त्याने जानेवारी २००८ मध्ये ओहायो स्टेटला हरवून एलएसयूला नॅशनल चॅम्पियन केलं, जे रसेलला जमलं नव्हतं. ड्राफ्टला त्याचा नंबर २०९ वा. ग्रीन बेमध्ये परत बेंचवर, मग १ जानेवारी २०१२ ला एक संधी मिळाली तर एका मॅचमध्ये ६ टचडाउन! त्या एका मॅचवर सिअॅटलने मोठं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि तिथे रसेल विल्सन नावाच्या नवख्या पोराने त्याची जागा घेतली. त्याला बस्ट म्हणायचं का, काय म्हणायचं, मला कळत नाही.

जर्सी अजून आहे. आई इकडे आली होती तेव्हा तिने ती फडक्यांच्या पिशवीत टाकली होती, मी काढून धुऊन ठेवली. बगलेत उसवलीय, जांभळा रंग विटून वांग्याच्या भाजीसारखा झालाय. आता अंगात बसत नाही, रसेलच्या वजनावर हसणाऱ्यांनी हे नोंद घ्यावं.

काल तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, बाकी काही लिहिलं नाही. तासभर सगळे गप्प. मग नागपूरकराचा मेसेज आला, "अबे माझे २० डॉलर राहिलेत."