तुम्ही विचारलंत म्हणून: ती बारा मिनिटं

दर रविवारी पुण्याहून सिंहगडाला आमची सायकल राइड निघते, निघण्याआधी मी प्रत्येकाची सायकल तपासतो, आणि कुणी ना कुणी विचारतंच. पहाटेचे पावणेसहा झालेले असतात, राजाराम पुलापाशी वीसेक सायकली उभ्या असतात आणि मागून आवाज येतो, "काका, फुकटची राइड आहे, रेस नाही. काय एवढं तपासत बसता? ऊन चढेल." सभ्य माणसं हेच जरा घोळवून विचारतात: सिंहगडापर्यंतच तर जायचंय, मग एवढा तपास कशाला? आजवर मी "पाचच मिनिटं" म्हणून वेळ मारून नेत आलोय. पाच मिनिटांत होत नाही, बारा लागतात. आता एकदाच सांगून टाकतो.

त्यातला निम्मा वेळ हवेत जातो. टायर अंगठ्याने दाबून "कडक आहे" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय, सरळ पंपाचा काटा दाखवतो. अंगठ्याला ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि ९० पीएसआय दोन्ही कडकच लागतात. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिमी रुंदीच्या टायरमध्ये ७५ ते ८० पुरते, हायब्रिडच्या (रोड आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल) ३५ मिमीला ५५-६०, एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या, जाड टायरला डांबरावर ४० खूप झाली. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही मर्यादा आहे, सल्ला नव्हे. हवा कमी असली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. तशी दोन भोकं दिसली की टायरमध्ये खिळा शोधत बसू नये, दोष पंप न मारणाऱ्याचा. आणि पेट्रोल पंपावर भरून घेऊ म्हणणाऱ्यांनी आधी आपला व्हॉल्व्ह बघावा. तिथलं तोंड गाडीच्या, म्हणजे श्रेडर व्हॉल्व्हचं असतं. बऱ्याच सायकलींना प्रेस्टा नावाचा बारीक व्हॉल्व्ह असतो, त्यावर ते बसत नाही, पितळेचा ॲडॉप्टर लागतो.

मग ब्रेक. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकलायची, चाक न फिरता घासत आलं पाहिजे. पूर्ण दाबल्यावरही लिव्हर आणि हँडल यांच्यात दोन बोटं मावली पाहिजेत. पुढचा ब्रेक धरून ठेवून सायकल मागेपुढे हलवली आणि हँडलखाली टक्‌टक्‌ लागली तर हेडसेट, म्हणजे हँडल जिच्यावर फिरतं ती बेअरिंग, सैल आहे. चाक घट्ट धरणारी क्विक रिलीजची दांडी बंद करताना तळहातावर वळ उमटला पाहिजे, बोटाने मिटत असेल तर ती बंदच नाही. शेवटी मी विचारतो, पुढचा ब्रेक कुठल्या हातात? बरेच जण हँडलकडे बघून सांगतात. उतारावर बघायला वेळ नसतो.

एवढं सगळं मी पूर्वी करत नव्हतो. उलट, तपासणीची टर उडवणाऱ्यांत मीच पुढे होतो. "सायकल म्हणजे मोकळीक, आपण काय आरटीओ आहोत का?" हे वाक्य माझं आहे, आता ते लोक मलाच ऐकवतात. त्या वेळच्या मला आजही पुरतं उत्तर देता येत नाही, कारण ज्या अपघातानंतर हे सुरू केलं, तो या तपासणीत सापडलाच नसता. लोकांना हे मी कधी सांगितलेलं नाही.

झालं ते असं. शाळेत शिकवणाऱ्या एक ताई नवी हायब्रिड घेऊन आल्या होत्या. पुढे-मागे व्ही-ब्रेक, म्हणजे दोन आर्म पॅडांनी रिमला दोन्ही बाजूंनी दाबतात तो, ३५ मिमी टायर. गोळेवाडीचा नाका ओलांडून घाट सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणावर पुढचं चाक बसलं. टायरमधून केसाएवढी पोलादी तार निघाली. मालट्रकांचे टायर फुटतात, त्यातल्या तारा रस्त्यावर पसरतात, त्यांतलीच. पंक्चर मी काढलं. चाक बाहेर काढताना अडचण येत नाही, कारण हवा गेलेला टायर ब्रेकच्या दोन पॅडांमधून सहज निसटतो. बसवताना भरलेला टायर अडतो. म्हणून दोन्ही ब्रेक-आर्म एका हाताने चिमटीत धरून नूडल सोडवायचं, चाक बसवायचं आणि नूडल परत अडकवायचं. नूडल म्हणजे केबल जिच्यातून वळून जाते ती धातूची वाकडी नळी. तिचं टोक एका पत्र्याच्या कडीत बसतं. कडीला वरून फट असते आणि पुढे टोकाच्या मापाचं भोक. टोक त्या भोकात आत गेलं पाहिजे. ते नुसतं फटीच्या काठावर टेकलं तरी दिसायला अडकल्यासारखंच दिसतं, आणि केबलवरचं रबरी बूट, म्हणजे टोपण, वर सरकवलं की काहीच दिसत नाही.

मी टोक काठावर टेकवलं, बूट सरकवलं, लिव्हर एकदा हलकी दाबली. पॅड रिमला लागले. "चला," म्हणालो.

चढताना ब्रेक कोण लावतं? नऊ-एक किलोमीटरचा चढ त्यांनी थांबत थांबत पुरा केला, वर मडक्यातलं दही खाल्लं. उतरताना पहिली दोन वळणं हलक्या दाबाने निघाली. तिसऱ्याला वेग जास्त होता, त्यांनी लिव्हर जोरात ओढली आणि टोक कडीतून सुटलं. लिव्हर थेट हँडलला टेकली. आता उरला फक्त मागचा ब्रेक. उतारावर, त्यातून ब्रेक लावल्यावर, सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मागच्याखाली वजनच राहत नाही, म्हणून ते धरलं की सायकल थांबण्याऐवजी चाक अडकून घसरतं. वळणाच्या कडेला पावसाने आणलेली बारीक खडी होती. मागचं चाक आडवं फिरलं आणि त्या डाव्या खांद्यावर पडल्या. कॉलरबोन मोडलं, प्लेट घालावी लागली. हेल्मेटला डाव्या कानाच्या वर आरपार चीर गेली होती.

मी शेवटच्यांना घेऊन मागून येत होतो. पोचल्यावर आधी त्यांच्याकडे बघितलं की सायकलकडे, हे मला विचारू नका. नूडल बाहेर लोंबत होतं. त्या म्हणाल्या, "माझंच लक्ष नव्हतं, खडी दिसलीच नाही." ते नूडल मी तिथेच गुपचूप अडकवलं. खरं काय झालं ते त्यांना दोन आठवड्यांनी घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा दिला. सायकल त्यांनी पुढे विकली.

आता बोला. त्या सकाळी राजाराम पुलापाशी ब्रेक तपासला असता तर उत्तम निघाला असता. दोष नंतर, दुरुस्तीत आला, आणि दुरुस्ती अनुभवी माणसाची होती. म्हणजे तुमच्या बारा मिनिटांचा आणि त्या अपघाताचा तसा संबंध नाही, हे मला कळतं. म्हणून तर आता वर भज्यांच्या टपरीपाशी दुसरी तपासणी असते, जिच्यावर तुम्ही त्याहून जास्त चिडता: प्रत्येकाने दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने पाच वेळा दाबायच्या, आणि वाटेत चाक काढलं असेल तर बूट मागे ओढून नूडलचं टोक दुसऱ्या माणसाला दाखवायचं. ज्याने पंक्चर काढलं त्याने नव्हे, दुसऱ्याने बघायचं. हा नियम माझ्यासाठी आहे.

मग सकाळचा तपास कशाला? कारण वीस सायकलींत एखादी तरी अशी निघतेच, जिचा पॅड घासून खाचा संपलेल्या असतात किंवा टायरच्या भिंतीतून धागे डोकावत असतात. आणि तुम्हीच ब्रेवेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, जाता तेव्हा पुढचा दिवा, मागचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट निमूट दाखवता. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यातला एक मिनिट वाया गेला म्हणून कुणी कुरकुरत नाही. तिथे पैसे भरलेले असतात ना! ३ जूनला सायकल दिनाच्या रॅलीत टी-शर्टच्या रांगेत अर्धा तास उभं राहता तेही मी बघितलंय.

हे चिडून लिहिलं, पण एक गोष्ट मलाही खुपते. गेल्या पावसाळ्यात एक वॉचमन काका रात्रपाळी संपवून थेट आले होते. काळी जुनी सायकल, दांडीचे ब्रेक, स्टीलची चकचकीत रिम. त्या ब्रेकचे रबर रिमला खालून लागतात आणि ओल्या स्टीलवर जवळजवळ धरतच नाहीत. अशा सायकलवर सिंहगडाचा घाट उतरू देणं मला शक्य नव्हतं. "खडकवासल्यापर्यंत या, तिथून परत फिरा," म्हणालो. ते म्हणाले, "साहेब, मी याच सायकलीवर तीस वर्षं फिरतोय," आणि वळले ते थेट घरी. माझा निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. पण पन्नास हजारांच्या सायकलवाल्याला मी पॅड बदलून देतो आणि त्यांना नुसता रस्ता दाखवला, हेही तितकंच खरं. त्यांच्यासारख्यांसाठी घाटाशिवायची सपाट राइड ठेवावी असं तीनदा ठरवलंय, अजून ठेवलेली नाही.

या रविवारी दुसरा फ्लोअर पंप आणतोय, काट्याचा. बारातली तीनेक मिनिटं त्याने वाचतील. प्रेस्टावाल्यांनी आपापला ॲडॉप्टर आणावा, मागच्या वेळी माझा कुणीतरी नेलाय.