जाळीचा दगड पाणी का पीत नाही: उन्हाळ्यातल्या नोंदी

कुठला दगड किती पाणी शोषतो हे मी घरच्या घरी मोजतोय, आणि त्यातल्या जाळीच्या दगडाचे, म्हणजे बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेल्या बेसॉल्टचे, आकडे अखेर स्थिर झाले. सोलापुरात होटगी रोडकडच्या खाणीच्या कडेला पडलेला तुकडा होता, वाटाण्याएवढ्या भोकांनी भरलेला. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, हा तर पाणी गटागटा पीत असणार. कोरडं वजन २१२.४ ग्रॅम आणि एक दिवस पाण्यात बुडवून, ओल्या फडक्यानं पुसल्यावर २१७.९ ग्रॅम. म्हणजे शोषण जेमतेम २.६ टक्के. शेजारी ठेवलेली भट्टीची साधी वीट, जिच्यात डोळ्यांना एकही भोक दिसत नाही, ती पंधरा टक्क्यांच्या पुढे गेली. (विटांसाठीच्या आयएस १०७७ या भारतीय मानकात १२.५ या ताकदीच्या वर्गापर्यंत २० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे आमची वीट पास.)

मग या दगडातली भोकं गेली कुठे? त्यासाठी घनफळ हवं. सोनारी काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करायचा आणि भिजलेला दगड दोऱ्यानं पाण्यात असा लोंबकळवायचा की तो पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटीमीटर. माझ्याकडे ९६ आले. पाणी शिरलं ५.५, म्हणजे उघडी सच्छिद्रता (बाहेरून पाणी शिरू शकतं अशी पोकळी) घनफळाच्या सुमारे ५.७ टक्के. कोरडं वजन भागिले घनफळ केलं तर घनता २.२१ येते. त्याच दगडाचा दुसरा तुकडा खलबत्त्यात बारीक कुटून, विशिष्ट गुरुत्वाच्या बाटलीत (घनता मोजायची ठरावीक मापाची बाटली) मोजला तर भुकटीची घनता २.९ च्या आसपास. या दोन आकड्यांतून एकूण पोकळी जवळजवळ २४ टक्के निघते. म्हणजे चोवीसपैकी अठरा टक्के पोकळीला बाहेरून वाटच नाही. घरात खोल्या पुष्कळ, पण दारं नाहीत! लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे जागच्या जागी गोठले आणि एकमेकांना जोडले गेलेच नाहीत.

सुकवण्याबद्दल एक सूचना. आपल्याकडच्या पुष्कळ जाळीच्या दगडांत पांढरे-गुलाबी स्फटिक भरलेले असतात, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट वगैरे जिओलाइट. त्यांच्या रचनेतच पाणी असतं आणि ओव्हनमध्ये १०५ अंशांवर त्यातलं काही निघून जातं. काट्याला ते छिद्रातलंच पाणी वाटतं. असे तुकडे मी ओव्हनमध्ये घालत नाही, गच्चीवर पत्र्याखाली ठेवतो आणि लागोपाठची वजनं सारखी येईपर्यंत थांबतो. सोलापूरच्या मे महिन्याचा कुणाला तरी फायदा झाला पाहिजे.

आता केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांतून पाण्याचं आपोआप वर चढणं. ताटलीत तीनेक मिलिमीटर पाणी, त्यात दोन काड्यांवर नमुना उभा, आणि १, ४, ९, १६, २५, ३६ मिनिटांनी वजन. वेळा अशा निवडल्या की त्यांची वर्गमुळं १ ते ६ येतात. आलेख कागदावर वर्गमूळ आडवं आणि वजनवाढ उभी मांडली की एकसारख्या छिद्रांचा नमुना सरळ रेष देतो. लुकास आणि वॉशबर्न या संशोधकांनी अनुक्रमे १९१८ आणि १९२१ मध्ये मांडलेलं हेच गणित. विटेची रेष फूटपट्टीनं मारल्यासारखी आली. शहाबादी फरशीची जवळजवळ आडवी. कोकणातून आणलेल्या जांभ्याची मात्र मधेच वाकली. आधी झपकन चढ, मग संथ. मला वाटतं त्याच्या रुंद नळ्या आधी भरतात आणि मधली बारीक माती मागून सावकाश पिते.

कारण छिद्राची रुंदी दोन उलट कामं करते. रुंद नळीत पाणी लवकर चढतं, पण फार वर जात नाही. अरुंद नळीत हळू चढतं, पण उंच जातं. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी दीड सेंटीमीटरच्या आतच थांबतं. त्रिज्या शंभर पट कमी केली तर हिशेबानं दीड मीटरपर्यंत जाऊ शकतं. वाटाण्याएवढं भोक उघडं असलं तरी ते पाणी ओढत नाही, आणि दगड उचलला की ओघळून टाकतं. जुन्या भिंतींना ओल चढते ती विटा-चुन्यातल्या न दिसणाऱ्या छिद्रांतून.

सगळ्यात त्रास दिला लाल बोलनं, म्हणजे लाल मातकट दगडानं. दक्षिण सोलापूरकडे एका विहिरीच्या खोदाईच्या ढिगाऱ्यातून आणलेला हा तुकडा, दोन बेसॉल्ट थरांच्या मधला. पाण्यात टाकला की फुगतो आणि भुगा होऊन तळाशी बसतो, वजन कशाचं करणार? उपाय केरोसीनचा. फुगणाऱ्या चिकणमातीवर केरोसीन पाण्यासारखं काम करत नाही, म्हणून तर काळ्या मातीच्या फुगवट्याच्या चाचणीत एका नळीत पाणी आणि दुसरीत केरोसीन घेतात. शोषलेल्या वजनाला ०.८ नं भागलं की घनफळ मिळतं. (केरोसीन मिळवणं हाच खरा प्रयोग.) बोलमध्ये घनफळाच्या जवळपास तिसरा हिस्सा पोकळी निघाली, माझ्या सगळ्या नमुन्यांत सर्वांत जास्त. तरी विहिरीत हा थर लागला म्हणून कुणी पेढे वाटत नाही. छिद्रं इतकी बारीक की त्यातलं पाणी सुटतच नाही. विहिरीला पाणी देतो तो मुरूम, भेगाळलेला पाषाण, आणि जाळीचा दगडसुद्धा, पण भेगांनी किंवा झिजेनं त्याची भोकं एकमेकांना जोडली गेली असतील तिथेच.

पुढचं काम उकळण्याचं. थंड पाण्यात बुडवलेल्या दगडात हवा अडकून राहते. आधी रुंद पोकळी आणि पुढे अरुंद तोंड असेल तर जास्तच. तोच नमुना पाच तास उकळून, पाण्यातच थंड करून पुन्हा तोलायचा आणि दोन्ही शोषणांचं गुणोत्तर काढायचं. विटेसाठी ते आधी करतो, जिओलाइटवाले तुकडे यातून बाद. शिवाय बदामीच्या वालुकाश्माचा एक तुकडा मिळाला आहे. त्याचे दोन ठोकळे कापून घेतोय, एक थरांच्या दिशेनं उभा, एक आडवा. कुणाकडे पातळ डायमंड ब्लेडचं कटर असेल तर सांगा, फरशीवाल्याच्या मशीनवर कडा फुटतात.