पाच-पाच की सहा-सहा? शनिवारच्या मॅचेस बॅलन्स करतानाचा माझा अनुभव

आमचा चौदा-पंधरा जणांचा ग्रुप आहे, दर शनिवारी रात्री कस्टम लॉबी (आपापसातली खाजगी मॅच) लावून ओव्हरवॉच हा ऑनलाइन शूटिंग गेम खेळतो, आणि टीम पाडायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. २०१६ ला गेम आला तेव्हा सहा-सहाचीच टीम होती, २०१९ ला रोल लॉक आला म्हणजे प्रत्येक टीममध्ये दोन टँक (पुढे राहून मार झेलणारे), दोन डॅमेज (मारणारे), दोन सपोर्ट (बरं करणारे), आणि तेव्हापासून माझं काम बऱ्यापैकी सोपं झालं होतं. प्रत्येकाला मी दहापैकी मार्क देऊन ठेवलेले, दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की मॅच लावायची, एवढंच. एकतर्फी मॅच क्वचितच व्हायची.

मग ऑक्टोबर २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आला आणि टीम पाचची झाली, एक टँक कमी. आम्हीपण तसंच सुरू केलं. पहिले दोन शनिवार मस्त वाटलं, स्क्रीनवर गर्दी कमी, प्रत्येकाला मोकळी जागा, नेम धरायला वेळ. तिसऱ्या शनिवारपासून मात्र मॅचेस एकतर्फी व्हायला लागल्या, आणि मार्कांची बेरीज तर अगदी बरोबर जुळत होती. मला कळेना चुकतंय कुठे.

कारण सापडायला बरेच दिवस लागले. आमच्यात चार जण मनापासून टँक खेळणारे. माझा चुलतभाऊ, त्याला मी दादाच म्हणतो, तो नऊ मार्कांचा, बाकीचे सात, सहा आणि चार. सहा-सहामध्ये नऊ आणि चार एकीकडे, सात आणि सहा दुसरीकडे, दोन्हीकडे तेरा, विषय संपला. पण पाच-पाचमध्ये टँक एकच, म्हणजे दोन टँकवाले कायम एकमेकांच्या समोरच येणार, ते एका टीममध्ये येऊच शकत नाहीत! दादा टँक असला की समोर जास्तीत जास्त सातचा माणूस, आणि तो फरक मी डॅमेज-सपोर्टमध्ये कितीही भरून काढला तरी कागदावरच भरायचा. टँक पडला की फाईट गेली हे पाच-पाचमध्ये फार खरं आहे, मागे उभं राहायला दुसरा टँकच नसतो.

मग मी एका रात्री बसून मोजलं. रोल ठरलेले असताना बारा जणांचे सहा-सहा असे गट १०८ प्रकारे पाडता येतात, आणि दहा जणांचे पाच-पाच फक्त ३६ प्रकारे. म्हणजे माणसं दोनच कमी झाली पण माझ्या हातातले पर्याय तिपटीने कमी झाले. सगळ्यांसाठी खुल्या ऑनलाइन मॅचमध्ये हजारो लोक रांगेत असतात, तिथे सारख्याच ताकदीचा दुसरा टँक मिळून जातो, आणि टँक खेळणारे मुळातच कमी असल्याने एकच टँक लागणं हे तिथे सोयीचंच आहे, बाकीच्यांची वाट बघायची वेळ कमी होते. पण चौदा जणांच्या ग्रुपला ती सोय नाही.

मी दादाला म्हटलं, "दादा, दोन शनिवार तू डॅमेज घे ना, बघू काय होतं." तो "बरं, घेतो" म्हणाला आणि घेतलंही. मॅचेस खरंच चुरशीच्या झाल्या. पण दादा माईकवर एकदम गप्प. एरवी "मी पुढे जातोय, या मागे", "थांबा, शील्ड फुटतेय" असं सतत चालू असतं त्याचं, आणि ते दोन आठवडे नुसता श्वास ऐकू येत होता. बॅलन्स झाला पण ज्याच्यामुळे ग्रुपला मजा येते तोच बाजूला बसल्यासारखा झाला, हे मला पटलं नाही, तो प्रयोग मी तिथेच थांबवला.

परत सहा-सहा करूया असं ठरलं. पण ओव्हरवॉच २ मधले टँक एकट्याने उभं राहायला बनवलेले, दणकट, तसेच दोन-दोन ठेवले तर कोणी मरेच ना, एक फाईट संपता संपेना. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन टँकची हेल्थ ८० टक्क्यांवर आणली, तेव्हा कुठे जुना फील आला. आणि दादा आणि चार मार्कवाला आमचा छोटू एका टीममध्ये आले, दादाचा रायनहार्ट आणि छोटूची झार्या हे दोन टँक, दादा हातोडा उचलून घुसणार आणि छोटूने नेमका त्या क्षणी बबल (थोडा वेळ मार अडवणारं कवच) टाकायचा. पहिल्या रात्री बबल प्रत्येक वेळी उशिरा पडत होता, महिन्याभरात दादाने तोंड उघडायच्या आत पडायला लागला. नवीन माणूस असा भरवशाच्या माणसाच्या शेजारी उभा राहून जे शिकतो ते एकट्या टँकला समोरून मार खाऊन शिकता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरी अडचण वेगळीच, दर शनिवारी बारा जण कुठून आणणार? एका शनिवारी अकराच आले. कोणाला बाहेर बसवायचं नाही असं मी ठरवलेलं, म्हणून सहा विरुद्ध पाच लावलं आणि पाचवाल्यांना थोडी जास्त ताकद द्यायची ठरवलं, कस्टममध्ये टीमप्रमाणे हेल्थ आणि डॅमेज बदलता येतं. पण किती? इथे मला लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरचा नियम उपयोगी पडला, १९१६ चा आहे, लढाईबद्दलचा. सगळे सगळ्यांवर गोळ्या झाडू शकत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाने वाढते, कारण जास्त माणसं असली की तुमचा मारही जास्त आणि तुमच्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारा मारही कमी, दोन्ही फायदे एकदम. म्हणजे सहा विरुद्ध पाच हे ३६ विरुद्ध २५, जवळजवळ दीडपट. ते भरून काढायला हेल्थ १२० टक्के आणि डॅमेज १२० टक्के, गुणाकार बरोबर १.४४. मी खूश.

आणि पाचवाल्यांनी सहावाल्यांना धुतलं. तीनही मॅच. किंग्ज रो मॅप होता, पहिला पॉइंट घेतल्यावर गाडी ढकलत त्या गल्लीतून जायचं, आणि तिथे सहाच्या सहा जणांना एकाच वेळी गोळी मारता येतच नाही, पुढे दोन-तीन जण, बाकीचे कोपऱ्यामागे. अशा ठिकाणी वर्गाचा नियम चालत नाही, साधं सहाला पाचने भागायचं, १.२. म्हणजे ११० आणि ११०, गुणाकार १.२१. शिवाय डॅमेज वाढवताना अजून एक लक्षात आलं, समजा समोरच्याची हेल्थ २५० आणि गोळीचा मार ७०, तर चार गोळ्या लागतात, मार ८४ केला की तीनच, २५२ होतात. टक्के वीसच वाढले पण एक अख्खी गोळी वाचली. पुढच्या वेळी ११० ठेवलं आणि त्याच मॅपवर मॅच शेवटच्या पॉइंटपर्यंत गेली. मोकळ्या मॅपवर मात्र मी अजूनही ११५ च्या वर ठेवतो.

आठ जण आले तर चार-चार खेळून बघितलं. वेगवान आहे, ज्यांचा नेम चांगला त्यांना खूप आवडतं, पण एक जण मेला की चार विरुद्ध तीन, म्हणजे १६ विरुद्ध ९, आणि ज्याला लवकर मरायची सवय त्याला सगळे बोलायला लागतात. सहामध्ये एक गेला तरी फाईट चालू राहते. काऊंटर-स्ट्राईक हा दुसरा शूटिंग गेम पाच-पाचवर इतकी वर्षं टिकलाय, पण तिथे मेलं की राऊंड संपेपर्यंत परत येता येत नाही, बंदुका विकत घ्यायच्या पैशाचं गणित वेगळं, बॉम्ब लावायच्या दोन जागा पाच जणांनी राखायच्या, त्या गेमचा आकारच पाचला धरून आहे. कॉल ऑफ ड्यूटीची लीग २०२० ला पाच-पाच होती, २०२१ ला त्यांनी परत चार-चार केलं. टीम फोर्ट्रेस २ वाले तर सहा-सहा खेळताना मेडिक (बरं करणारा) एकच, डेमोमॅन (स्फोटकंवाला) एकच असे नियम लावतात, नाहीतर नुसत्या सहा आकड्याने काही जुळत नाही.

गेल्या शनिवारी नऊच जण आले. पाच विरुद्ध चार, वर्गाने २५ ला १६, म्हणजे हेल्थ आणि डॅमेज दोन्ही १२५ टक्के, आणि साध्या भागाकाराने ११२. मी मधलं ११७ धरलं. चारवाल्यांकडे एकच सपोर्ट ठेवला होता, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली, शेवटी तो एकटा सपोर्ट पडला आणि दहा सेकंदात सगळं संपलं. आता पुढच्या वेळी दोन सपोर्ट ठेवून डॅमेज एकच ठेवणार आहे, आणि छोटू म्हणतोय टँक मी घेतो.