कॉफीच्या रंगाचं रक्त

जुलैतली गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवरून पहाटे फोन आला. "डॉक्टर, थोरली गाय पडलीय, धाकटीला धाप लागलीय. लवकर या." पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात मी बारा वर्षं गुरांवर उपचार करतोय. अशा फोनवर मी पहिल्यांदा एकच विचारतो, रात्री गव्हाणीत काय टाकलं होतं?

"कडवळ. हिरवंगार."

पोचेपर्यंत थोरली गेली होती. धाकटी, सात महिन्यांची गाभण, थरथरत उभी होती. कोवळं कडवळ, म्हणजे चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी, म्हटलं की आधी सायनाइडचा संशय येतो, गावात ज्याला किराळ लागणं म्हणतात. पण त्यात रक्त लालभडक असतं. गाईचा ओठ उलटला, तर हिरड्या मातकट. शिरेतून रक्त ओढलं. सिरिंजमध्ये काळपट तपकिरी, थेट कॉफीसारखं. ही नायट्रेटची विषबाधा. दोन्हींवरची औषधं वेगळी, त्यामुळे इथे घाई करून चालत नाही. एक टक्का मिथिलीन ब्लू शिरेतून अगदी सावकाश सोडलं. अर्ध्या तासाने श्वास जरा संथ झाला, तेव्हा कुठे मी खाली बसलो.

मग रानात गेलो. पाऊस तीन आठवडे ओढ देऊन चार दिवसांपूर्वी पडला होता. कडवळ पिवळं पडतंय म्हणून गाईंच्या मालकीण मावशींनी त्याआधी दोनदा युरिया टाकला होता. पाण्याअभावी वाढ थांबलेली, त्यामुळे उचललेल्या नत्राची प्रथिनं बनत नाहीत. पाऊस येताच मुळं साठलेलं नत्र भराभर ओढतात आणि ते धाटात नायट्रेट म्हणूनच पडून राहतं. पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. पिकाला गंधक कमी पडलं तरी प्रथिनं बनणं अडतं. आपल्याकडे मात्र खत म्हणजे युरियाच.

एक धाट उभं चिरलं आणि डायफेनिलअमाइनचे थेंब टाकले; नायट्रेट असेल तिथे ते निळं होतं. बुडख्याशी क्षणात गडद निळं झालं. शेंड्याकडे जेमतेम छटा.

मावशी बघत होत्या. "डॉक्टर, मी खतच टाकलं हो, औषध नाही मारलं."

त्यांचं काय चुकलं? पोत्यावर हे कुणी लिहीत नाही. हिरवागार म्हणजे सकस, हेच आपण सगळे त्यांना सांगत आलो. मी सांगितलं, आठवडाभर याला हात लावू नका. नंतर कापाल तेव्हा बुडखा वीतभर रानातच सोडा, आधी कडबा खायला घाला, उपाशी गाईपुढे हे टाकू नका. वाळवून हे विष जात नाही. मुरघास केला, म्हणजे चारा हवाबंद करून आंबवला, तर बरंचसं कमी होतं. धाकटीचं दूध इतक्यात डेअरीला घालू नका.

संध्याकाळी फोन आला, "हिरवं मुतली, पण उठून पाणी प्यायली." तो रंग औषधाचा.

नवव्या दिवशी ती गाभडली. रक्त बघितलं तेव्हाच मला ही भीती होती. मावशींना त्या सकाळी ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.