ज्युरी ड्यूटीची तारीख हुकली, आता?

टपालाच्या ढिगात, कूपनं आणि विम्याच्या जाहिरातींच्या खाली एक पाकीट सापडतं. वर काउंटीच्या कोर्टाचं नाव. आत ज्युरीचं समन्स, आणि हजर राहायची तारीख तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेलेली. अमेरिकेत नव्याने नागरिक झालेल्या मराठी घरांत यावर दोनच तऱ्हा दिसतात. एक तर "आता पोलीस येणार" ही धास्ती, नाहीतर "कोण विचारतंय" म्हणून पाकीट परत ढिगात. दोन्ही चूक, पण दुसरी जास्त महागात पडते.

आपल्याला याची सवय नाही, त्याला कारण आहे. भारतात ज्युरी उरलेलीच नाही. नानावटी खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ असा 'निर्दोष' कौल दिला आणि हायकोर्टाने तो फिरवला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. (पारशी विवाहाच्या खटल्यांत ज्युरीसारखे 'डेलिगेट' बसतात, तेवढा अवशेष.) त्यामुळे कोर्टाचा कागद आला की आपल्या डोक्यात आरोपी किंवा साक्षीदार एवढंच येतं. इथे तो कागद दुसऱ्याच्या खटल्यात निकाल द्यायला ज्युरीत बसायची तुमची पाळी आल्याचा असतो.

पहिल्यांदा तारीख चुकली तर दारात कोणी येत नाही. पायऱ्या ठरलेल्या असतात. कॅलिफोर्नियाचा कायदा त्या अगदी स्पष्ट लिहितो, म्हणून तोच घेऊ. पहिल्या समन्सला तुम्ही आला नाहीत, की किमान ९० दिवसांनी दुसरं समन्स काढता येतं आणि त्यात "आधीच्या वेळी आला नव्हतात" असं नमूद असतं. तेही चुकवलं तर गैरहजेरीची नोटीस. तिलाही उत्तर नाही, तर न्यायाधीशासमोर येऊन कारण दाखवण्याचा आदेश. दंड त्यानंतर, आणि तोही तुमचं म्हणणं मांडायची संधी देऊन: पहिल्यांदा २५० डॉलरपर्यंत, दुसऱ्यांदा ७५०, तिसऱ्यांदा आणि पुढे १,५००. म्हणजे दंडापर्यंत पोचायला माणसाला चिकाटीने गप्प बसावं लागतं.

बाकी राज्यांत पायऱ्या कमी-जास्त आणि आकडे वेगळे. न्यू जर्सीत ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा कोर्टाचा अवमान. टेक्सासमध्ये १०० ते १,०००. मॅसॅच्युसेट्स यात कडक: तिथे २,००० डॉलरपर्यंत दंड आहे आणि शेवटच्या टप्प्यावर रीतसर फौजदारी तक्रारीचा अर्ज होतो. समन्स फेडरल कोर्टाचं असेल तर १,००० डॉलरपर्यंत दंड, ३ दिवसांपर्यंत कैद, समाजसेवा, किंवा यांतलं एकाहून अधिक. म्हणून पाकीट हातात आलं की आधी कोर्ट कोणतं ते बघायचं. वर 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' आहे की काउंटीचं 'सुपीरियर कोर्ट'? दोघांची ऑफिसं वेगळी, फोन वेगळे. एका कोर्टात फोन करून दुसऱ्याची गैरहजेरी मिटत नाही. हा घोळ वाटतो त्याहून जास्त वेळा होतो.

आता तो कागद नीट उलगडा. त्यावर तीन गोष्टी हव्यात: तुमचा ज्युरर क्रमांक (बहुतेक वेळा बारकोडखाली), गट क्रमांक, आणि ज्युरी ऑफिसचा फोन. खटल्यांच्या क्लार्कला फोन करू नका, तो फिरवत बसेल. ज्युरी ऑफिसच गाठायचं. सोमवारी सकाळी नवी तुकडी आलेली असते आणि तिथे कोणाला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा दुपारनंतर किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी करा. फोनवर रामकहाणी नको. ज्युरर क्रमांक सांगा, अमुक तारखेला येता आलं नाही म्हणा, नवी तारीख मागा. मग दोन गोष्टी विचारून घ्या: माझ्या नावावर गैरहजेरीची नोंद झाली आहे का, आणि लेखी काही पाठवायला हवं का. बोलणाऱ्याचं नाव, दिवस, वेळ आणि नवी तारीख त्याच समन्सच्या मागे लिहून ठेवा. बहुतेक वेळा प्रकरण इथेच संपतं. ऑफिसला तुम्हाला शिक्षा करण्यात रस नसतो, त्यांना पुढच्या महिन्यात खुर्चीत माणूस हवा असतो.

लेखी मागितलं तर चार ओळी पुरतात: नाव, ज्युरर क्रमांक, चुकलेली तारीख, कारण एका वाक्यात, आणि कोणत्या तारखांना नक्की येऊ शकता. सोबत पुरावा जोडा. भारतात होतात तर विमानाचं तिकीट किंवा पासपोर्टवरचा शिक्का, आजारी होतात तर डॉक्टरचं पत्र. "ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं" हे कारण चालत नाही. कामासाठी तारीख पुढे ढकलून मिळते, पण ती आधी मागायची असते, आणि बऱ्याच ठिकाणी एकदाच. मॅसॅच्युसेट्समध्ये ती वर्षभरापर्यंतही ढकलता येते.

"समन्स मिळालंच नाही" हे खरं असेल तर बेलाशक सांगा. समन्स साध्या टपालाने येतं आणि हरवतंही. पण आधी कोर्टाच्या पोर्टलवर जाऊन पात्रतेची प्रश्नावली भरली असेल आणि मग हजर राहायचं राहिलं असेल, तर हे वाक्य तोंडातून काढू नका. तुमचं उत्तर तारखेसकट त्यांच्या पडद्यावर असतं. विसरलो असं सरळ सांगितलेलं चालतं.

कारण दाखवण्याचा आदेश आला असेल तर फोनने भागत नाही, त्या दिवशी त्या खोलीत जायचंच. घाबरून दंडाचा चेक आधीच पाठवू नका, अजून दंड झालेला नसतो. बरेच न्यायाधीश कारण ऐकून, नवी तारीख देऊन सोडतात. हेही चुकवलं तर मात्र वॉरंट निघू शकतं, आणि ते कधीतरी सिग्नल तोडल्यावर पोलिसाने लायसन्स तपासलं की समोर येतं. त्या टप्प्यावर वकील करा. वॉरंट रद्द करून घेण्याचा अर्ज करणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

बऱ्याच गैरहजेऱ्या बेपर्वाईने होत नाहीत, फोनवर ऐकायची पद्धत न कळल्याने होतात. पुष्कळ काउंट्यांत समन्सवरची तारीख ही 'हजर राहा' अशी नसते, 'या आठवड्यात तयार राहा' अशी असते. आदल्या संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर फोन करायचा किंवा साइट बघायची, तिथे सांगतात: गट १०१ ते ११८ उद्या सकाळी या, बाकीच्यांनी उद्या पुन्हा फोन करा. लोक सोमवारी ऐकतात, आपला गट नाही म्हणून हुश्श करतात, आणि मंगळवार विसरतात. बुधवारी गट लागलेला असतो. फोनमध्ये पाचही दिवसांचे गजर लावून टाका. आठवडाभर बोलावलं नाही तर सेवा झाली असं धरतात, त्यामुळे हा उपद्व्याप वाया जात नाही.

आता या सगळ्यातला खरा धोक्याचा भाग, आणि तो दंडाचा नाही. बऱ्याच राज्यांत ज्युरीच्या याद्या मतदार यादीबरोबरच ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीवरूनही होतात. त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांना समन्स येतं, एच-वन-बी वाल्यांनाही येतं. ज्युरीत फक्त नागरिक बसू शकतो. मग "मला लागूच नाही" म्हणून लोक कागद फेकून देतात. तसं करू नका. तुम्ही नागरिक नाही हे कोर्टाला तुम्ही सांगेपर्यंत कळत नाही, तोवर त्यांच्या लेखी तुम्ही गैरहजर. प्रश्नावलीत "तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?" यापुढे 'नाही' वर खूण करायची, मागितलीच तर ग्रीन कार्डची प्रत जोडायची, सही करून परत पाठवायची. नोटीस आली असली तरी एवढ्यावर प्रकरण मिटतं.

आणि इथेच कधीकधी पेन घसरतं. फॉर्म घाईत भरताना सगळ्या 'हो' वर खुणा मारत जायची सवय असते. खाली सही असते, मजकूर खोटा निघाल्यास शपथेवर खोटं सांगितल्याचा गुन्हा, अशी तंबी असते. नागरिक नसताना नागरिक असल्याचा दावा करणं ही इमिग्रेशन कायद्यातली फार जड चूक आहे. त्याने माणूस देशात राहायला कायमचा अपात्र ठरू शकतो, आणि माफीच्या वाटा अगदी अरुंद आहेत. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातही "कधी नागरिक असल्याचा दावा केला होता का" हा प्रश्न येतोच. चुकून 'हो' वर खूण गेली असेल तर स्वतःच्या बुद्धीने दुरुस्तीचं पत्र धाडू नका, आधी इमिग्रेशनचा वकील गाठा. दोनशे-पाचशे डॉलरच्या दंडाची काळजी करणारे लोक या एका चौकोनाकडे बघतसुद्धा नाहीत.

उलटी लबाडीही होते. नागरिक असताना सुटका म्हणून 'नाही' वर खूण. टेक्सासमध्ये असं सांगून सुटलेल्यांची यादी मतदार नोंदणीच्या ऑफिसकडे जाते. तिथून नागरिकत्वाचा पुरावा मागणारं पत्र येतं आणि उत्तर दिलं नाही तर मतदार यादीतलं नाव जाऊ शकतं.

आई-वडील नागरिक झाले असतील तर त्यांचं पाकीट वेगळं हाताळा. वयाची सूट राज्यागणिक बदलते. न्यू जर्सीत ७५ पूर्ण झालेल्यांना मागितली की मिळते. कॅलिफोर्नियात केवळ वयाने सूट नाही, पण ७० च्या पुढच्यांनी प्रकृतीचं कारण दिलं तर डॉक्टरचं पत्र लागत नाही. वयाच्या सवलतीवर मराठीत दुभाषा घेऊन नागरिकत्वाची परीक्षा दिलेल्यांना इंग्रजी येत नसेल, तर तेच कारण पुरेसं आहे. फेडरल कोर्टात आणि बहुतेक राज्यांत इंग्रजी समजणं ही ज्युरीची अटच आहे. कारण कुठलंही असो, फॉर्म भरून पाठवावा लागतो. गप्प राहिल्याने सूट मिळत नाही.

एकदा ज्युरीत निवड होऊन शपथ झाली, की वरच्या सगळ्या सवलती संपल्या. त्यानंतर न सांगता गायब होणं म्हणजे थेट अवमान. २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत २१ वर्षांचा एक ज्युरर सकाळी झोपून राहिला, कोर्टाला कळवलंही नाही. त्याला १० दिवस तुरुंगात काढावे लागले, वर प्रोबेशन आणि समाजसेवा. ओरड झाल्यावर न्यायाधीशाने अवमानाचा ठपका मागे घेतला, पण दहा दिवस भोगून झाले होते. शपथ घेतल्यावर न्यायाधीशाच्या मदतनिसाचा किंवा बेलिफचा (कोर्टाच्या शिपायाचा) नंबर देतात, तो फोनमध्ये घाला. गाडी बंद पडली, मूल आजारी पडलं, तर आठच्या आत तिथे फोन जायला हवा. फेडरल ग्रँड ज्युरीत (आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या ज्युरीत) हे आणखी नाजूक: १६ ते २३ जण असतात आणि १६ हजर नसतील तर काम सुरूच होत नाही.

नोकरीचं म्हणाल, तर मालक यासाठी काढू शकत नाही. फेडरल ज्युरीच्या बाबतीत तसं केल्यास दर प्रकारामागे ५,००० डॉलरपर्यंत दंड त्याला आहे. पगार मात्र द्यावाच असं सगळीकडे नाही. फेडरल कोर्ट दिवसाला ५० डॉलर देतं, न्यू जर्सी पहिले तीन दिवस ५ डॉलर. त्यात कोर्टाजवळ जेवणही होत नाही, डबा न्या.

आणि फोन. "तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवली, वॉरंट निघालंय, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक" असा फोन आला तर ठेवून द्या. बोलणारा स्वतःला शेरीफच्या ऑफिसातला म्हणवतो, बॅज नंबर सांगतो, कधी खऱ्या न्यायाधीशाचं नावही घेतो. कोर्ट फोनवर दंड घेत नाही. गिफ्ट कार्ड, झेल (Zelle, बँकेतून पैसे पाठवायची सोय), बिटकॉइन हे शब्द आले की विषय संपला. शंका राहिली तर समन्सवर छापलेल्या किंवा कोर्टाच्या साइटवरच्या नंबरला तुम्ही स्वतः फोन करा, त्याने दिलेल्या नंबरला नाही. ज्यांची तारीख खरंच हुकलेली असते ते या फोनला सहज बळी पडतात, कारण मनात आधीच चोर असतो.

दोन-तीन महिने पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणार असाल तर निघायच्या आधी पोस्ट ऑफिसची 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' ही फुकट सोय चालू करा. ओळख पटवायला लागते, म्हणून शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. मग रोज येणाऱ्या पत्रांचे फोटो ईमेलवर दिसतात. काउंटीच्या कोर्टाचं पाकीट दिसलं की शेजाऱ्याला व्हॉट्सअॅप करा, तो उघडून ज्युरर क्रमांकाचा फोटो पाठवेल, आणि तारीख पुढे ढकलायचा अर्ज बहुतेक कोर्टांच्या साइटवर भारतातूनही भरता येतो. साइट परदेशातून उघडली नाही, तर रात्री साडेनऊच्या पुढे फोन लावा, तिकडे पूर्व किनाऱ्यावर ऑफिस उघडलेलं असतं.