‘मी’ची सीमारेषा आखणारा मेंदू

हा हात माझा आहे, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. इतर कशाहीविषयी शंका घेता येईल, पण समोर टेबलावर ठेवलेला आपला हात आपलाच आहे ना, असा प्रश्न निरोगी माणसाला सहसा पडत नाही; आणि म्हणूनच मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक साधासा प्रयोग मला मेंदूविषयीच्या मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा अधिक विचारात पाडतो. माणसाला टेबलापाशी बसवायचे, त्याचा डावा हात पडद्याआड ठेवायचा आणि डोळ्यांसमोर एक रबरी हात मांडायचा. मग दोन कुंचले घेऊन पडद्याआडचा खरा हात आणि समोरचा रबरी हात या दोहोंवर एकाच वेळी, एकाच लयीत, हलकेच फिरवायचे. थोड्या वेळाने बहुतेकांना कुंचल्याचा स्पर्श रबरी हातावरच होतो आहे असे वाटू लागते. डोळे मिटून आपला डावा हात कुठे आहे ते दाखवा, असे म्हटले तर उजव्या हाताचे बोट रबरी हाताच्या दिशेने सरकते. कुंचल्यांची लय एकमेकांपासून थोडी सुटली की हा भास विरू लागतो.

आपलेपणाची भावना जन्मतःच शरीरावर कोरलेली असती, तर ती इतक्या सहजपणे रबराच्या तुकड्याकडे गेली नसती. डोळ्यांना दिसणारे, त्वचेला जाणवणारे आणि सांध्यांकडून कळणारे असे तीन पुरावे मेंदू सतत पडताळून पाहत असतो आणि ते जुळले की ‘हे माझे’ असा निर्णय देतो. ‘मी’ ही मेंदूत कुठेतरी ठेवलेली वस्तू नसून क्षणोक्षणी चाललेले काम आहे, हे माझे मत या प्रयोगापासून पक्के होत गेले.

हालचालीच्या बाबतीत हे काम आणखी बारकाईने चालते. स्वतःला गुदगुल्या का करता येत नाहीत, या प्रश्नाचा सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी लंडनमध्ये स्कॅनरच्या साहाय्याने अभ्यास केला. मेंदू स्नायूंना आज्ञा देतो, तेव्हाच त्या हालचालीमुळे काय जाणवेल याचा अंदाजही बांधून ठेवतो. या कामात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. प्रत्यक्ष स्पर्श अंदाजाशी जुळला की मेंदू त्याची तीव्रता कमी करतो, कारण तो आपलाच असतो. पुढच्या एका प्रयोगात त्यांनी हाताची हालचाल आणि स्पर्श यांच्यामध्ये यंत्राच्या साहाय्याने सेकंदाच्या दोन-तीन दशांशांचा उशीर घातला, तेव्हा स्वतःच केलेल्या स्पर्शाच्याही गुदगुल्या होऊ लागल्या. आपण आणि परके यांच्यातले अंतर एवढ्या अल्प काळावर अवलंबून असावे, याचे मला विलक्षण आश्चर्य वाटते. ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा आपली हालचाल दुसरेच कुणी घडवून आणते आहे असे वाटते, अशा मनोरुग्णांवर २००० साली असाच प्रयोग झाला आणि त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श यांत फारसा फरक जाणवला नाही. ‘माझे विचार माझे नाहीत’ असे सांगणारा माणूस काहीतरी बरळतो आहे असे समजून त्याला गप्प करणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे असे मला वाटते. तो आपल्या अनुभवाचे प्रामाणिक वर्णन करत असतो. पडताळणी करणारी यंत्रणाच त्याला साथ देत नसते.

हे मी जवळून पाहिलेले आहे. माझ्या एका मावशींना पक्षाघाताचा झटका आला, मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली आणि डावी बाजू लुळी पडली. दोन दिवसांनी त्या आपल्या डाव्या हाताकडे बघून विचारू लागल्या, “हा कुणाचा हात माझ्या अंथरुणात आणून ठेवलाय?” त्यांच्या मुलीने बोटातली अंगठी दाखवली. अंगठी माझीच आहे, असे त्या लगेच म्हणाल्या. हात मात्र माझा नाही. बोलणे स्वच्छ होते, माणसे ओळखत होत्या, तारीख-वार सांगत होत्या. या अवस्थेची वर्णने वैद्यकात बऱ्याच काळापासून आहेत आणि ती बहुतांशी उजव्या मेंदूच्या इजेनंतर, डाव्या अंगाबाबतच आढळते. समजावून सांगण्याचा त्यावर उपयोग होत नाही, कारण तर्कशक्ती शाबूत असली तरी ज्या जाणिवेवर ती काम करणार तीच उरलेली नसते. कॅटरिना फोटोपूलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मात्र एक थक्क करणारे निरीक्षण नोंदवले. स्वतःचा हात नाकारणाऱ्या रुग्णासमोर आरसा धरला, तर आरशात दिसणारा तोच हात रुग्ण आपला म्हणून ओळखतो, आणि आरसा बाजूला करून हाताकडे थेट पाहिले की पुन्हा तो परका होतो.

आरशात आपण स्वतःला जसे बाहेरून पाहतो, तसेच इतर लोक आपल्याला पाहत असतात. आपल्या शरीराची आतून होणारी ओळख आणि बाहेरून होणारी ओळख मेंदू वेगवेगळ्या वाटांनी करतो, आणि ही दुसरी वाट इतरांना समजून घेण्याच्या वाटेजवळून जाते, असे मानायला आधार आहे. उजव्या कानाच्या थोडे वर आणि मागे, जिथे मेंदूचे दोन खंड एकमेकांना भेटतात, तो भाग दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा विचार करताना विशेष सक्रिय होतो, हे रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी २००३ साली दाखवले. त्याच परिसरात, ओलाफ ब्लँके यांच्या चमूने अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूला शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत सौम्य विद्युतप्रवाह दिला असता, आपण वर तरंगत असून पलंगावरचे आपलेच शरीर खाली दिसते आहे, असे ती सांगू लागली होती. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. ‘मी कुठे आहे’ आणि ‘तिच्या मनात काय आहे’ या दोन प्रश्नांची उत्तरे मेंदू इतक्या जवळजवळच्या जागी शोधतो, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते.

सहवेदनेचेही तसेच आहे. तानिया सिंगर यांनी २००४ साली १६ स्त्रियांना स्कॅनरमध्ये ठेवून कधी त्यांच्या हाताला, तर कधी शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला वेदनादायक विद्युतझटका दिला. वेदनेतला नकोसेपणा ज्यांच्याशी जोडलेला आहे, ते इन्सुला या मेंदूत आत दडलेल्या घडीचा पुढचा भाग आणि त्याच्याशी संबंधित भाग दोन्ही वेळा सक्रिय झाले. वेदना नेमकी कुठे आणि कशी होते आहे हे टिपणारे भाग फक्त स्वतःच्या वेदनेच्या वेळी. मला हा फरक सहभागाइतकाच मोलाचा वाटतो. दुसऱ्याचे दुःख पूर्णपणे आपलेच झाले असते, तर आपण त्याला मदत न करता स्वतःलाच सावरत बसलो असतो. (स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याला तीच कृती करताना पाहतानाही सक्रिय होणाऱ्या, माकडांमध्ये १९९० च्या दशकात सापडलेल्या ‘आरसा-चेतापेशीं’वर माणसाच्या सगळ्या सहानुभूतीचे श्रेय टाकणारे लेखन पुष्कळ झाले आहे, उपलब्ध पुरावा एवढा भार पेलत नाही, असे माझे मत आहे.)

जिव्हाळ्याची माणसे ओळखण्याची क्रियाही शेवटी आपल्याच शरीराशी येऊन पोहोचते. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कॅपग्रा यांनी १९२३ साली आपल्या सहकाऱ्यासह वर्णन केलेल्या अवस्थेत रुग्ण आपल्या आईकडे किंवा पत्नीकडे पाहून म्हणतो, की ही हुबेहूब तिच्यासारखी दिसते, पण ही ती नव्हे, कुणीतरी तोतया आहे. ओळखीचा चेहरा दिसल्यावर त्वचेवर घामाची जी सूक्ष्म प्रतिक्रिया मोजता येते, ती अशा रुग्णांमध्ये आढळत नाही. चेहरा ओळखला जातो, पण त्याबरोबर यायला हवी ती ऊब येत नाही आणि मेंदू या विसंगतीतून आपल्या परीने अर्थ काढतो. विल्यम हर्स्टीन आणि व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९७ साली वर्णन केलेला एक तरुण समोर बसलेल्या वडिलांना तोतया म्हणत असे. तेच वडील फोनवर बोलू लागले, की मात्र त्यांना वडील म्हणून बिनदिक्कत ओळखत असे. आवाजापासून भावनेपर्यंत जाणारा मार्ग चेहऱ्यापासून जाणाऱ्या मार्गाहून वेगळा असावा आणि त्याच्या मेंदूत तो शाबूत राहिला असावा, असे त्यांनी याचे स्पष्टीकरण दिले.