बेचाळीस चौकोन आणि एक डाळिंबी साडी

आज दुपारी आम्ही ओट्यापाशी उभ्यानंच जेवलो. टेबलावर आणि हॉलभर नुसते कापडाचे चौकोन!

भाचीच्या बाळासाठी गोधडी करतेय. आयते कापलेले पाच इंची चौकोन मागवले, पाकिटात 42. कापायचा व्याप वाचला म्हणून खूश होते. मग हिशेब केला. चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जाणार, उरले साडेचार. सहा बाय सात मांडले तर 27 बाय साडेएकतीस इंच. गोधडी कसली, दुपटंच ते!

म्हणून आईची जुनी सुती साडी काढली, डाळिंबी, आणि तिचेही तेवढेच चौकोन कापले. (वाचला म्हणे व्याप.) आता पाकिटातले सगळे रंग कसे, पिस्ता, फिका गुलाबी, आकाशी. त्यात हा डाळिंबी म्हणजे झोपलेल्या घरात कुकरची शिट्टी. तासभर नुसते इकडचे तिकडे केले.

शेवटी लेकीने मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून दाखवला. रंगांचं भांडण नव्हतंच, सगळे गडद तुकडे मी एकाच कोपऱ्यात कोंबले होते. विखुरले, आणि बसलं की हो! आजीने असला विचार कधी केला नसेल. जे लुगडं विरलं ते गोधडीत, संपला विषय.

डाळिंबीचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवलाय. रंग सुटतोय का ते सकाळी कळेल. तोवर हॉलमधला पंखा कुणी लावला तर बघा!